म्हातारी आणि व्हॉल्व्हमन

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. गिऱ्हाइकाने फ्रेम पसंत केली की मागच्या खोलीत बसून त्या फ्रेमच्या मापाने काच यंत्रावर घासायची, कडेवरून बोट फिरवायचं, बसवून बघायची, काढायची आणि पुन्हा घासायची. मालक दारातून डोकावून म्हणतात, अहो, बसली ना, द्या आता. वन्सं मान वर न करता सांगतात की बसली नाहीये, अडकलीये. बसणं आणि अडकणं यातला फरक मालकांना अजून कळलेला नाही, आणि गिऱ्हाइकाला तर तो दिसतही नाही. पण काच पुन्हा यंत्रावर चढते म्हणजे चढतेच. घरीही तीच तऱ्हा. मी घडी घातलेली चादर त्या उलगडून परत घालतात. सुरुवातीला मी चिडायचे. मग एके दिवशी ठरवलं की चादरी त्यांच्याच, आपण कशाला जीव जाळायचा.

तर अशी ही नाकावर माशी बसू न देणारी बाई रविवारी सकाळी काय करत असेल? चिखल खाते. खरंच. वीटभट्टीवाल्यांनी माती काढून सोडून दिलेल्या एका खाणीत त्यांच्या क्लबचा ट्रॅक आहे. चढ, उतार, उंचवटे, खड्डे, सगळं एकामागून एक. त्यावरून मोटारसायकली पळवायच्या, उंचवट्यावरून हवेत उडवायच्या आणि परत चाकांवरच उतरवायच्या. याला मोटोक्रॉस म्हणतात. मी याला हाडवैद्याच्या पोटापाण्याची सोय म्हणते. चव्वेचाळिसाव्या वर्षी आमच्या वन्सं तिथे निम्म्या वयाच्या पोरांना धूळ चारतात. ट्रॅकवर त्यांना सगळे ‘चष्मेवाली’ म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला चष्मा नाही.

त्यांच्या गाडीचं आमच्या घरातलं नाव म्हातारी. भंगारवाल्याकडून नुसता सांगाडा आणि पोत्यात भरलेलं इंजिन असं ते प्रकरण घरी आलं होतं. वन्संनी मागच्या बोळात, कपडे धुण्याचं मशीन आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधे बसून ती जोडली. तिच्यात आहे काय, तर लाथ मारून चालू करायची किक, एक कार्बोरेटर, वाऱ्यानेच थंड होणारं इंजिन, आणि टाकीखाली डाव्या बाजूला पेट्रोल चालू-बंद करायचा एवढासा पितळी कॉक. बटण नाही, पडदा नाही, मोबाइलला जोडायची भानगड नाही. सीटचं कव्हर मी शिवलंय, माझ्या जुन्या पर्सच्या रेक्झिनचं. बंपर म्हणून काही नाहीच, तेव्हा वाकायचा प्रश्न येत नाही.

मी एकदा विचारलं होतं की इतक्या चोखंदळ तुम्ही, भाजीची जुडी घ्यायला चार दुकानं फिरता, आणि गाडी मात्र ही असली? त्या हातातला प्लग पुसत होत्या. म्हणाल्या, “वहिनी, चोखंदळ आहे म्हणूनच ही. हिच्यात चूक झाली तर ती माझीच असते. दुसऱ्या कुणावर ढकलताच येत नाही.” मला तेव्हा हे बोलणं काही झेपलं नाही. मी भाजी निवडायला घेतली.

आता सासऱ्यांची ओळख करून देते, कारण पुढचं रामायण त्यांच्यावाचून अडलंय. बाबा पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची, आणि या गल्लीचं पाणी चालू, त्या गल्लीचं बंद. आख्खी नोकरी त्यात गेली. त्या कामाचा एक नियम होता, आणि तो बाबांनी इतक्या वेळा सांगितलाय की मी झोपेतही म्हणेन. व्हॉल्व्ह फिरवला की फोनवर पंपावरच्या माणसाला सांगायचं. चालू केला तर “लाइन चालू”, बंद केला तर “लाइन बंद”. पण नुसतं सांगून भागत नाही. पलीकडच्याने तेच शब्द परत म्हणायचे. तो परत म्हणेपर्यंत तुम्ही सांगितलंच नाही असं धरायचं. कारण न सांगता बंद केलेल्या व्हॉल्व्हवर पंप चालू झाला तर पाइप फुटतो, आणि खाली खड्ड्यात कुणी उतरलेलं असलं तर त्याचं काही खरं नाही. बाबांच्या हातून हे एकदाही चुकलं नाही. दुसऱ्या कशाचा त्यांना गर्व नाही, पण याचा आहे.

नोकरी संपली, सवय कुठे जाते? जित्याची खोड. घरातून फिरताना दिसेल तो नळ, दिसेल तो कॉक बाबा बंद करतात. गॅस बंद, गच्चीचा नळ बंद. एकदा कपडे निम्मे धुऊन झालेले असताना मशीनचं पाणी बंद. दर वेळी मोठ्याने सांगतात, “मशीन बंद”, आणि मी स्वयंपाकघरातून “मशीन बंद” असं ओरडून दिलं नाही तर हलत नाहीत. कधी कधी मी मुद्दाम गप्प बसते. मग ते दारात येऊन उभे राहतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. हसू आवरत नाही हो.

ट्रॅकवर मात्र बाबा कधी गेले नाहीत. पहिल्याच वर्षी वन्सं खांद्याचं हाड मोडून घरी आल्या, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. आवाज सहन होत नाही, असं कारण सांगतात. पण रविवारी दुपार कलली की पायरीवर येऊन बसतात. लांबून आमचा टेम्पो दिसला, पुढे वन्सं धडधाकट बसलेल्या दिसल्या, की उठून आत जातात आणि पेपर उघडून बसतात. वर विचारतात, आलात का? आम्ही कुणीही त्यांना ते पायरीवर दिसले असं कधी सांगितलेलं नाही.

यंदा क्लबने विभागाच्या शर्यतीला दोघांना पाठवायचं ठरवलं. क्लबच्या मास्तरांनी वन्संचं नाव काढलं, पण शेपूट लावून. एका शोरूमने क्लबला दोन नव्याकोऱ्या गाड्या दिल्या होत्या आणि जायचं ते त्यांच्यावरच. वन्सं काही अडाण्यासारख्या नाही म्हणाल्या नाहीत. पूर्ण रविवार नवी गाडी चालवून बघितली. बटण दाबलं की चालू, निसरड्यावर चाक घसरायला लागलं की स्वतःच ताकद आवरती घेणारी, आणि आवाज तर एकदम सभ्य. मी म्हटलं, बघा, किती गुणी आहे. वन्सं हातमोजे काढत म्हणाल्या, “गुणी आहे. पण मी वेग दिला की ती आधी विचार करते आणि मग निघते. विचार तर मी करून आलेली असते.”

मास्तर चिडले. पण माणूस सरळ. ते म्हणाले, पुढच्या रविवारी क्लबची शर्यत आहे. म्हातारीवर बसून पहिल्या सहांत या, विभागाला म्हातारीच न्या, शोरूमवाल्यांचं मी बघतो. नाही आलात तर नवी गाडी निमूट घ्यायची आणि पुन्हा जुन्याचं नाव काढायचं नाही. वन्संनी शब्द दिला. आणि घरी येऊन मला सांगितलं की हरले तर म्हातारी देऊन टाकणार. बोळात नुसती उभी करून ठेवायची आणि आपण दुसरीवर बसायचं, हे त्यांच्याने बघवणार नाही. मी म्हटलं, बरंच झालं, इस्त्रीला जागा होईल. बोलले खरी, पण मनापासून नाही. त्या रात्री बाबांनी गॅस बंद केल्याचं दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी आमच्या ह्यांची पाठ धरली. टेम्पो मी चालवते, त्याची अडचण नव्हती. पण म्हातारी फळीवरून वर चढवायची तर फळी धरायला माणूस पाहिजे, आणि खाली उतरवायलाही. हे बिचारे पलंगावर वाकडे पडलेले. मी शेजाऱ्यांना हाक मारायला निघाले तर बाबा चपला घालून दारात उभे. म्हणाले, फळी मी धरतो. वन्संनी टेम्पोत मधली जागा त्यांना दिली आणि स्वतः दाराकडे सरकल्या. बाबा सबंध रस्ताभर समोर बघत होते, आणि मी गिअर बदलला की त्यांची मूठ आवळायची.

ट्रॅकवर फळी धरून झाली. वन्संनी म्हातारीला दोन लाथा घातल्या, ती खोकली, मग जमली. इंजिन तापवून त्यांनी ते बंद केलं आणि हेल्मेट चढवून मास्तरांच्या सूचना ऐकायला बाकीच्यांत गेल्या. म्हातारीजवळ बाबा उभे राहिले. मी चहा आणायला गेले. परत येते तो सगळ्या गाड्या सुरू झालेल्या, कानाचे पडदे फाटतील असा गोंगाट, आणि वन्सं किक मारून सुरुवातीच्या रेषेवरच्या लोखंडी दांडीकडे निघालेल्या. ती दांडी जमिनीवर आडवी पडली की शर्यत सुरू. बाबांच्या हातात चहा दिला. त्यांनी तो घेतला आणि प्यायला विसरले.

दांडी पडली. वन्सं चौथ्या. मी ओरडले, बाबांनी माझ्याकडे दचकून बघितलं. पहिल्या वळणावर तिसऱ्या झाल्या. काय सांगू तुम्हाला, ती गाडी त्यांच्या खाली आहे असं वाटतच नव्हतं. पुढचे दोघे उंचवट्यावर आपटत होते, या अलगद उतरत होत्या. एवढी शिस्त चादरीच्या घडीतही नसते. मी मनातल्या मनात म्हातारीसाठी इस्त्रीचं टेबल बोळातून हलवलं.

आणि मग मोठ्या चढावर म्हातारीचा आवाज बदलला. एकदम पातळ, चिरका झाला, आणि माथ्यावर पोचता पोचता गेला. बंद. मागचे सगळेच्या सगळे बाजूने निघून गेले. पण वन्सं थांबल्या नाहीत. माथ्यावरून गाडी उतारावर घरंगळू दिली, डावा हात हँडलवरून काढून टाकीखाली घातला, परत वर आणला, क्लच दाबून धरला. ती मुकी गाडी उताराने वेग घेत होती आणि त्या तिच्यावर शांत बसल्या होत्या, दुकानात स्टुलावर बसतात तशा. उताराच्या तळाशी क्लच सोडला. म्हातारी एकदा शिंकली आणि भडकली.

माझ्या शेजारी काहीतरी फुटलं. बाबांच्या हातातला चहाचा कप. टाकीखाली गेलेला तो हात जिथे दिसला होता, तिथेच बाबा बघत होते.

मग पुढच्या फेऱ्या सुरू झाल्या. सगळ्यांत शेवटून सुरुवात करून वन्संनी एकेकाला गाठलं. वळणाला आतून, चढाला बाहेरून, कधी जिथे वाटच नाही तिथून. नवी गाडी घेतलेल्या पोराला तर अशा निसरड्यावर मागे टाकलं की त्याची गाडी बहुतेक अजून विचारच करत असेल. शेवटच्या वळणावर त्या सातव्या होत्या आणि सहावा हाताच्या अंतरावर. दोघं एकदमच रेषेवर आले. मला वाटलं झालं. पण झालं नव्हतं. अर्ध्या चाकाने सातव्या.

हेल्मेट काढलं तेव्हा त्यांचं तोंड मातीने माखलेलं होतं, फक्त डोळ्यांभोवती स्वच्छ. त्यांनी खाली वाकून कॉकवर बोट ठेवलं. मग मान वर करून बाबांकडे एकदाच बघितलं. मी तिथेच उभी होते आणि मला लख्ख कळलं काय झालंय ते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी डोळ्यांनी मला गप्प केलं.

मास्तर आले. विचारलं, चढावर काय झालं? वन्सं म्हणाल्या, “पेट्रोलचा कॉक उघडायला विसरले. कार्बोरेटरमधे होतं तेवढ्यावर चालली आणि मग बंद पडली. माझीच चूक. शब्द दिलाय, उद्या नवीची चावी द्या.”

विसरल्या म्हणे! जी बाई काचेची कड बोटाने दहादा तपासते ती कॉक विसरली, आणि हे मी ऐकून घ्यायचं? मला रागच आला. ज्या गाडीवर चूक दुसऱ्यावर ढकलता येत नाही म्हणून ती आवडते, तिच्यावर बसून ही बाई दुसऱ्याची चूक ओढून स्वतःवर घेत होती.

तेवढ्यात बाबा पुढे आले. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, साहेबापुढे उभं राहावं तसे.

“खोटं बोलतेय ती,” ते म्हणाले. “कॉक मी बंद केला. खाली थेंब पडत होते, म्हणून फिरवला. तिला सांगितलं, पण आवाजात तिला ऐकू गेलं नाही. तिने नुसती मान हलवली आणि मी तेवढ्यावर समजलो. परत म्हणायला लावलं नाही.”

मास्तरांना यातलं ओ का ठो कळलं नसणार. त्यांना तो नियम कुठे माहीत? पण मला माहीत होता, आणि वन्संनाही. त्यांना लहानपणापासून गर्वाने ऐकवलेली एकुलती एक गोष्ट त्या म्हाताऱ्या माणसाने चार परक्या लोकांसमोर स्वतःच्या हाताने मोडली होती. वन्सं म्हणाल्या, “बाबा, असू दे हो.” बाबा म्हणाले, “असू दे कसं? पाइप फुटला असता.”

मास्तरांनी वाकून कॉक बंद केला, उघडला, परत बंद केला. मग त्यांनी वन्संना विचारलं की चालत्या गाडीवर, उतारावर, नुसत्या आवाजावरून तुम्हाला कळलं? वन्सं म्हणाल्या की पेट्रोल संपत आलं की तिचा आवाज चढतो, आणि तिच्यात बिघडायला दुसरं आहेच काय. मास्तर हसले. म्हणाले, “मी पहिल्या सहांत या म्हणालो होतो, शेवटून सुरुवात करून या असं म्हणालो नव्हतो. चढापासून मोजलं तर तुम्ही एकट्याच पुढे आलात, बाकी सगळे मागे गेले. न्या तुमची म्हातारी. पण एक अट. या कॉकला कायमचा माणूस पाहिजे. दोघांनी मिळून एक कॉक सांभाळा.”

परत घरासमोर आलो. बाबा उतरले आणि सवयीने पायरीवर बसले, मग त्यांच्याच लक्षात आलं की आज ज्याची वाट बघायची असं कुणी उरलेलं नाही. वन्संही चिखलाच्या कपड्यांनी त्यांच्या शेजारी टेकल्या. मी पायरी पुसलेली होती, पण जाऊ दे म्हटलं.

विभागाच्या शर्यतीला मी गेले होते. ट्रॅक मोठा, माणसं जास्त, गाड्या सगळ्या चकचकीत आणि त्यांच्या रांगेत आमची म्हातारी, माझ्या पर्सचं रेक्झिन मिरवत. मदतनिसांना नारिंगी जॅकेट देतात. बाबांना ते गुडघ्यापर्यंत आलं होतं. आजूबाजूचे तरणे मदतनीस आपापल्या गाड्यांच्या पडद्यांवर बोटं फिरवत होते. बाबा खाली बसले, पितळी कॉक फिरवला, वन्संच्या हेल्मेटजवळ तोंड नेलं आणि सगळ्या गोंगाटात रस्त्यावरून पंपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “लाइन चालू.”

आणि तिथेच उभे राहिले. मास्तर हाका मारत होते, बाकीचे मदतनीस कधीच बाजूला झाले होते, पंच शिटी फुंकत होते. बाबा हलले नाहीत.

मग वन्संनी डोळ्यांवरचा गॉगल वर सरकवला आणि म्हणाल्या, “लाइन चालू, बाबा.”

तेव्हा कुठे ते बाजूला झाले.